एल.ई.डी. दिव्यांची लुकलुक : कारणे, तपासणी आणि उपाय

केंद्र शासनाने ५ जानेवारी २०१५ रोजी ‘उजाला’ योजना आणि रस्त्यांवरील दिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तेव्हापासून एल.ई.डी. दिवा हा शहरी चैनीचा विषय राहिलेला नाही. ग्रामपंचायतीचे रस्ते, शाळेचे वर्ग, आरोग्य केंद्रे, समाजमंदिरे अशा सर्व ठिकाणी तो पोहोचला आहे. वीज वाचते, दिवा पुष्कळ दिवस टिकतो आणि उष्णता कमी होते, हे त्याचे गुण सर्वांच्या परिचयाचे आहेत.

परंतु दिव्यांबरोबर एक तक्रारही आली. दिवा स्थिर जळत नाही, लुकलुकतो. विशेषतः जेथे उजेड कमीजास्त करण्याची सोय केलेली असते, म्हणजे सभागृहातील डिमरवर चालणारे दिवे किंवा मध्यरात्रीनंतर आपोआप मंद होणारे रस्त्यावरील दिवे, तेथे ही तक्रार अधिक आढळते. अशा वेळी बहुधा एकच उपाय योजला जातो. दिवा काढून टाकावयाचा व नवा बसवावयाचा. काही दिवसांनी नवाही लुकलुकू लागतो आणि ‘एल.ई.डी. दिवे टिकत नाहीत’ असा समज पसरतो.

वस्तुतः लुकलुक हे लक्षण आहे, रोग नव्हे. रोग चार ठिकाणी असू शकतो : वीजपुरवठ्यात, डिमरमध्ये, ड्रायव्हरमध्ये किंवा खुद्द दिव्यात. तो कोठे आहे हे ठरविल्यावाचून केलेली खरेदी म्हणजे सार्वजनिक पैशाचा अपव्यय होय. शिवाय काही प्रसंगी ही लुकलुक आगीची किंवा अपघाताची पूर्वसूचना असते, आणि दिवा बदलल्याने ती सूचना तेवढी नाहीशी होते, धोका तसाच राहतो. म्हणून रोगाचे स्थान क्रमाने कसे शोधावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दिवा लुकलुकतो का?

आपल्याकडील वीज २३० व्होल्ट दाबाची आणि ५० हर्ट्‌झ वारंवारतेची आहे. म्हणजे प्रवाहाची दिशा सेकंदात ५० वेळा पूर्ण आवर्तन घेते. प्रत्येक आवर्तनात दाब दोन वेळा शून्यावर येतो. त्यामुळे दिव्याला मिळणारी शक्ती सेकंदात १०० वेळा कमी होऊन पुन्हा वाढते.

जुन्या पिवळ्या बल्बला याचा फारसा उपद्रव होत नसे. त्यातील तार तापून पांढरी झालेली असते आणि एक शतांश सेकंदात ती निवत नाही. चुलीतील निखारा फुंकर थांबताच विझत नाही, तसाच हा प्रकार होय. एल.ई.डी.चे तसे नाही. तिच्यातील प्रकाश उष्णतेपासून निर्माण होत नाही. तो प्रवाहाबरोबर उत्पन्न होतो आणि प्रवाह थांबताच जवळजवळ त्याच क्षणी नाहीसा होतो. सारांश, प्रवाहातील प्रत्येक चढउतार एल.ई.डी. जसाच्या तसा दाखविते.

हा चढउतार नाहीसा करण्याचे काम ‘ड्रायव्हर’ नावाचे छोटे मंडल करते. त्यात प्रथम एकदिशकारक प्रत्यावर्ती विजेचे एकदिश विजेत रूपांतर करतो. त्यानंतर धारित्र, ज्याला व्यवहारात कपॅसिटर म्हणतात, ते विजेचा साठा करून दोन उंचवट्यांमधील खळगे भरून काढते. शेवटी नियंत्रक भाग एल.ई.डी.च्या साखळीतून ठरावीक प्रवाह वाहील अशी व्यवस्था ठेवतो. गावाच्या पाणीपुरवठ्यात उंच टाकी जे काम करते, तेच येथे कपॅसिटर करतो. पंप थांबून थांबून चालला तरी टाकी पुरेशी मोठी असेल तर नळाची धार अखंड राहते. टाकी लहान असेल तर धार कमीजास्त होते. स्वस्त दिव्यांत ही ‘टाकी’ अगदी लहान असते किंवा मुळीच नसते. असे दिवे नवे असतानाच सेकंदात १०० वेळा लुकलुकत असतात. डोळ्यांना ते सहसा जाणवत नाही, इतकेच.

दिसणारी आणि न दिसणारी लुकलुक

लुकलुक मोजण्याची एक सोपी रीत आहे. प्रकाशाच्या कमाल व किमान मूल्यांतील फरकास त्या दोहोंच्या बेरजेने भागावे आणि १०० ने गुणावे. प्रकाश १३० व ७० या मूल्यांमध्ये हेलकावत असेल तर फरक ६०, बेरीज २००, म्हणजे लुकलुक ३० टक्के झाली.

अमेरिकेतील ‘आय.ट्रिपल ई.’ या अभियंत्यांच्या संस्थेने २०१५ साली १७८९ क्रमांकाची शिफारस प्रसिद्ध केली. तीनुसार १०० हर्ट्‌झ वारंवारतेला लुकलुक ८ टक्क्यांपर्यंत असल्यास ती अल्प जोखमीची, आणि साधारण ३.३ टक्क्यांपर्यंत असल्यास कोणताही परिणाम न जाणवणारी मानावी. वारंवारता कमी होईल तशी ही मर्यादा अधिक कडक होते. वरील उदाहरणातील दिवा या कसोटीस उतरत नाही, हे उघड आहे.

मंद गतीची लुकलुक मात्र सर्वांनाच जाणवते. सेकंदात ८ ते ९ वेळा होणाऱ्या चढउताराला मानवी दृष्टी सर्वाधिक संवेदनशील असते. सेकंदात ३ ते ७० वेळा होणारी तीव्र उघडझाप प्रकाशाने फेफरे येणाऱ्या व्यक्तींना अपायकारक ठरू शकते. अशा व्यक्तींचे प्रमाण दर ४,००० मध्ये सुमारे एक इतके मानले जाते. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी दूरचित्रवाणीवरील एका व्यंगचित्रपटात लाल-निळ्या रंगांची जलद उघडझाप दाखविली गेली, तेव्हा सहाशेहून अधिक प्रेक्षकांना, त्यांत बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले होते. शाळेच्या वर्गात उघड दिसेल अशी लुकलुक करणारा दिवा दुरुस्ती होईपर्यंत बंद ठेवावा, असे म्हणण्याचे कारण हेच आहे.

न दिसणाऱ्या लुकलुकीचेही परिणाम होतात. ब्रिटनमध्ये १९८९ साली विल्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यालयीन कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सेकंदात १०० वेळा लुकलुकणाऱ्या नळीदिव्यांऐवजी उच्च वारंवारतेवर चालणारे, स्थिर प्रकाश देणारे दिवे लावले असता डोकेदुखी व डोळ्यांवरील ताण यांच्या तक्रारी निम्म्याहून कमी झाल्याचे त्यात आढळले. कर्मचाऱ्यांना दिव्यांतील फरक डोळ्यांनी ओळखता येत नव्हता.

यंत्रशाळेत तर ही बाब थेट सुरक्षिततेची आहे. मिनिटास १,४४० फेरे घेणाऱ्या मोटरवर चार आऱ्यांची पुली बसविली आहे असे समजा. ती सेकंदात २४ फेरे घेते. सेकंदात १०० वेळा लुकलुकणाऱ्या दिव्याखाली दोन झळकांमध्ये ती पाव फेऱ्याहून किंचित कमी फिरते. परिणामी ती उलट दिशेने, सेकंदास एक फेरा अशा मंद गतीने फिरत असल्याचा भास होतो. पिठाची गिरणी, करवत किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील लेथ यांच्यावर असा एकच दिवा असेल, तर हा भास हात गमावण्यास कारणीभूत ठरू शकतो.

डिमरची अडचण

भिंतीवरील बहुतेक जुने डिमर पिवळ्या बल्बसाठी तयार केलेले आहेत. त्यांत ट्रायॅक नावाचा अर्धवाहक स्विच असतो. तो प्रत्येक अर्ध्या आवर्तनाचा आरंभीचा भाग अडवितो व उरलेला भाग दिव्याकडे जाऊ देतो. एकदा चालू झालेला ट्रायॅक चालू राहण्यासाठी त्यातून काही किमान प्रवाह वाहत राहणे आवश्यक असते. लहान डिमरमधील ट्रायॅकसाठी हा प्रवाह साधारणतः १० ते ५० मिलिअँपियर असतो.

आता हिशेब पाहू. ६० वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर सुमारे २६० मिलिअँपियर प्रवाह घेतो. ९ वॅटचा एल.ई.डी. दिवा जेमतेम ४० ते ४५ मिलिअँपियर घेतो. शिवाय हा सरासरी प्रवाह असल्याने आवर्तनाच्या काही भागात तो याहूनही कमी असतो. उजेड मंद केला की प्रवाह किमान मर्यादेखाली जातो, ट्रायॅक मध्येच बंद पडतो, पुन्हा चालू होतो आणि दिवा थरथरतो. डिमर बिघडलेला नसतो, दिवाही बिघडलेला नसतो; दोघांचे जुळत नाही, एवढेच.

डिमरच्या पाठीवर किमान भार लिहिलेला असतो. समजा, तो ६० वॅट आहे. पूर्वी त्यावर ६० वॅटचे चार बल्ब, म्हणजे २४० वॅट भार होता. त्यांच्या जागी ९ वॅटचे चार एल.ई.डी. दिवे लावले की भार ३६ वॅट होतो. सभागृहात नवे दिवे बसविताच लुकलुक सुरू झाली, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा या साध्या वजाबाकीत सापडते.

दुसरी अडचण अशी की हा डिमर अर्ध्या आवर्तनाच्या मध्यावर एकदम पूर्ण दाब सोडतो. ड्रायव्हरमधील कपॅसिटर त्या क्षणी प्रवाहाचा मोठा हिसका ओढून घेतो. त्यातून मंडलात कंपने उठतात, त्यांच्या ओघात प्रवाह क्षणभर शून्यावर येतो आणि ट्रायॅक पुन्हा बंद पडतो. अशा वेळी डिमरमधून किंवा दिव्यातून गुणगुण ऐकू येते. म्हणून डिमरच्या कमाल भाराचा आकडाही बल्बचा व एल.ई.डी.चा वेगवेगळा असतो, आणि एल.ई.डी.चा बराच कमी असतो.

दुसऱ्या प्रकारचा डिमर आवर्तनाचा आरंभीचा भाग जाऊ देऊन शेवटचा भाग तोडतो. तो ट्रायॅकऐवजी ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने चालतो. त्यात हिसका बसत नाही व किमान प्रवाहाची अटही फार सौम्य असते. एल.ई.डी. दिव्यांसाठी बहुधा हाच प्रकार सोयीचा पडतो. तथापि ड्रायव्हर बनविणाऱ्याने कोणत्या प्रकारचा डिमर सांगितला आहे, तेच प्रमाण मानावे.

पंख्याचा रेग्युलेटर हा दिव्याचा डिमर नव्हे, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्याचप्रमाणे ज्या दिव्याच्या वेष्टनावर तो मंद करता येण्याजोगा आहे असे लिहिलेले नाही, तो कोणत्याही डिमरवर लावू नये. तो लुकलुकतोच, आणि त्याचा ड्रायव्हर लवकर जळतो.

लक्षणांवरून निदान

लुकलुक केव्हा, किती वेळाने आणि किती दिव्यांत होते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतच निम्मे निदान असते. म्हणून तपासणी करणाऱ्याने साधने हाती घेण्यापूर्वी तक्रारीची नोंद नीट करावी.

(१) संपूर्ण इमारतीतील दिवे एकाच वेळी कमीजास्त होतात. दोष पुरवठ्यात आहे. शेजारचा पंप किंवा वेल्डिंगचे यंत्र सुरू होतानाच असे होत असेल, तर ती दाबाची तात्पुरती घसरण होय. परंतु काही खोल्यांतील दिवे मंद होत असताना इतर खोल्यांतील दिवे प्रखर होत असतील, तर न्यूट्रल तार सैल झाली आहे किंवा तुटली आहे असे समजावे. ही अत्यंत धोक्याची अवस्था आहे. तीन फेजच्या जोडणीत अशा वेळी काही उपकरणांवर २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो. मुख्य स्विच तात्काळ बंद करून वीज वितरण कंपनीस कळवावे.

(२) उजेड मंद केल्यावरच दिवा थरथरतो, पूर्ण उजेडावर स्थिर असतो. डिमर व ड्रायव्हर यांची जुळणी नाही किंवा भार कमी पडतो.

(३) स्विच बंद असतानाही दिवा अधूनमधून झळकतो किंवा अंधुक पेटलेला राहतो. स्विचमधील सूचक दिव्याचा किंवा डिमरचा अल्प प्रवाह ड्रायव्हरच्या कपॅसिटरमध्ये हळूहळू साठतो आणि पुरेसा साठा होताच दिवा क्षणभर पेटतो. दुसरे कारण अधिक गंभीर आहे : स्विच फेजऐवजी न्यूट्रल तारेवर बसविलेला असणे. अशा जोडणीत स्विच बंद केला तरी होल्डरमध्ये वीज जिवंत असते आणि दिवा बदलणाऱ्यास धक्का बसू शकतो. जोडणी विनाविलंब दुरुस्त करावी.

(४) दिवा दर एकदोन सेकंदांनी नियमितपणे पेटतो व विझतो. ड्रायव्हरची संरक्षक व्यवस्था काम करीत आहे. एल.ई.डी.ची साखळी कोठे तरी तुटली आहे, जोड आखूड झाला आहे किंवा ड्रायव्हर व एल.ई.डी. यांचे व्होल्टेज जुळत नाही.

(५) दिवा दहापंधरा मिनिटे नीट जळतो, मग विझतो आणि निवल्यावर पुन्हा पेटतो. हा उष्णतेचा दोष होय. दिव्याला हवा मिळत नाही, किंवा एखाद्या एल.ई.डी.तील सूक्ष्म जोड तापल्यावर सुटतो. साखळीतील एक कडी सुटली की सगळी साखळी विझते.

(६) प्रकाशाच्या संथ लाटा येतात, जणू दिवा श्वास घेतो आहे. काही ड्रायव्हर प्रवाहाची जलद उघडझाप करून उजेड कमी करतात. ही उघडझाप, समजा, सेकंदात २०३ वेळा होत असेल आणि पुरवठ्यातून आलेल्या हेलकाव्याचा २०० हर्ट्‌झचा अंश तीत मिसळला, तर सेकंदास तीन लाटा दिसू लागतात. दोन टाळकरी किंचित वेगळ्या लयीत वाजवू लागले की ठोके कधी एकत्र पडतात तर कधी दूर जातात, तसाच हा प्रकार आहे.

(७) पूर्वी स्थिर असलेला दिवा वर्षा-दोन वर्षांनी सतत थरथरू लागतो. ड्रायव्हरमधील कपॅसिटर सुकला आहे. याविषयी पुढे अधिक लिहिले आहे.

तपासणीचा क्रम

प्रत्यक्ष तपासणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर ड्रायव्हरमधील कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भारित होतो आणि स्विच बंद केल्यावरही काही काळ तो भार टिकून राहतो. अनेक स्वस्त ड्रायव्हरांत एल.ई.डी.ची पट्टी मुख्य पुरवठ्यापासून अलग केलेली नसते. तिला स्पर्श करणे म्हणजे उघड्या तारेला स्पर्श करण्यासारखेच आहे.

पहिली पायरी : संशयित दिवा डिमर नसलेल्या, शक्य तर दुसऱ्या खोलीतील होल्डरमध्ये लावून पाहावा. तेथेही तो लुकलुकला, तर दोष दिव्यात किंवा त्याच्या ड्रायव्हरमध्ये आहे. तेथे स्थिर राहिला, तर दोष मूळ जागी आहे. एवढ्या एका कृतीने शोधाचे क्षेत्र निम्मे होते.

दुसरी पायरी : मूळ जागी चांगला असल्याची खात्री असलेला दिवा लावावा. तोही लुकलुकल्यास पुरवठा, जोडणी व डिमर यांकडे वळावे.

तिसरी पायरी : पुरवठ्याचा दाब मोजावा, तोही तक्रारीच्या वेळी. दुपारी बारा वाजता घेतलेले माप सायंकाळी सात वाजताच्या तक्रारीस उपयोगी पडत नाही. मुख्य फलकापासून होल्डरपर्यंतचे सर्व स्क्रू वीज बंद करून घट्ट करावेत. सैल जोड तापतो, काळा पडतो आणि आगीस कारण होतो.

चौथी पायरी : डिमरवरील दिव्यांच्या समांतर जोडणीत ४० किंवा ६० वॅटचा जुना बल्ब तात्पुरता लावावा. लुकलुक थांबली, तर भार कमी पडत होता हे सिद्ध झाले. मात्र बल्ब कायम ठेवणे हा उपाय नव्हे. त्यात वाचलेली वीज परत खर्च होते. कमी किमान भाराचा, एल.ई.डी.साठी बनविलेला डिमर बसवावा. काही डिमरांवर किमान उजेडाची मर्यादा ठरविणारा छोटा स्क्रू असतो. तो किंचित फिरवून मर्यादा वर आणल्यानेही पुष्कळदा काम भागते.

पाचवी पायरी : शून्य ते दहा व्होल्टच्या नियंत्रक तारांवर चालणारे दिवे असतील, तर या तारा मुख्य वीजवाहक तारांबरोबर एकाच नळीतून नेल्या आहेत काय, हे पाहावे. नेल्या असल्यास मुख्य तारांतील चढउतार त्यांत उतरतो. त्या वेगळ्या नळीतून न्याव्यात. तपासताना नियंत्रक तारा ड्रायव्हरजवळ सोडवून पाहाव्यात. दिवा स्थिर झाला, तर दोष तारांत किंवा नियंत्रकात आहे.

सहावी पायरी : वरील सर्व निर्दोष आढळल्यास ड्रायव्हर बदलावा. रस्त्यावरील दिव्यांत व मोठ्या पट्टीदिव्यांत तो बहुधा स्वतंत्र असतो. एल.ई.डी.ची पट्टी चांगली असताना संपूर्ण दिवा बदलण्याचे प्रयोजन नाही. नवा ड्रायव्हर निवडताना त्याचा प्रवाह पट्टीवर दिलेल्या प्रवाहाइतकाच असावा आणि पट्टीचे व्होल्टेज त्याच्या मर्यादेत बसावे.

कपॅसिटरचे आयुष्य

एल.ई.डी. ५०,००० तास टिकते असे वेष्टनावर लिहिलेले असते. परंतु साखळीचे बळ तिच्या दुबळ्या कडीइतकेच. ड्रायव्हरमधील दुबळी कडी बहुधा विद्युत्‌विश्लेषी कपॅसिटर ही असते. त्यातील द्रव उष्णतेने हळूहळू उडून जातो आणि साठवणशक्ती घटते. तापमान १० अंश सेल्सियसने कमी केले की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे.

समजा, कपॅसिटर १०५ अंशांवर २,००० तासांचा आहे. दिव्याच्या आत ८५ अंश तापमान राहिले तर तो ८,००० तास टिकेल; ६५ अंश राहिले तर ३२,००० तास. रस्त्यावरील दिवा रोज ११ तास जळतो, म्हणजे वर्षाला सुमारे ४,००० तास. पहिल्या स्थितीत दोन वर्षांत लुकलुक सुरू होईल, दुसऱ्या स्थितीत आठ वर्षांनी. दिवा तोच, कपॅसिटर तोच. फरक केवळ २० अंशांचा. दिव्याच्या पाठीवरील पाती धुळीने व घरट्यांनी झाकली जाऊ न देणे आणि बंद काचेच्या भांड्यात साधा दिवा न लावणे, एवढ्या काळजीने केवढी बचत होते, ते यावरून दिसून येईल.

शाळेत करता येण्याजोगे प्रयोग

न दिसणारी लुकलुक विद्यार्थ्यांना सहज दाखविता येते. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या चकतीवर समान अंतरावर २० काळे पट्टे काढावेत आणि चकती भोवऱ्यावर बसवून फिरवावी. गती सेकंदास पाच फेऱ्यांच्या आसपास आली की लुकलुकणाऱ्या दिव्याखाली पट्टे क्षणभर थबकल्यासारखे दिसतात. सूर्यप्रकाशात तसे दिसत नाही. सेकंदास १०० झळका आणि चकतीचे २० पट्टे, यांवरून पाच हा आकडा कसा आला हे विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावे.

दुसरा प्रयोग कानांचा आहे. खेळण्यातील लहान सौर घटाच्या दोन तारा बॅटरीवर चालणाऱ्या ध्वनिवर्धकाच्या मायक्रोफोनच्या जागी जोडाव्यात. घट बॅटरीच्या प्रकाशात धरला असता ध्वनिवर्धक शांत राहतो. लुकलुकणाऱ्या दिव्याखाली धरताच १०० हर्ट्‌झचा गुंजारव ऐकू येतो. दोन दिव्यांची तुलना करण्यास ही युक्ती अंधारातही उपयोगी पडते. मात्र दोन्ही वेळी घटावर सारखाच उजेड पडेल, असे अंतर ठेवावे.

भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यातून दिव्याकडे पाहिल्यास पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात, हे अनेकांनी पाहिले असेल. पट्टे दिसले तर लुकलुक आहे. न दिसले तर नाही, असे मात्र म्हणता येत नाही, कारण पुष्कळ कॅमेरे हे पट्टे आपोआप पुसून टाकतात.

खरेदी करताना

एल.ई.डी. दिवे व त्यांचे ड्रायव्हर यांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी बंधनकारक आहे. ही नोंदणी मुख्यत्वे विद्युत् सुरक्षिततेबाबत असते. नोंदणीक्रमांक आहे म्हणून दिवा लुकलुकणार नाही, असे त्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून निविदेत पुढील अटी स्पष्टपणे घालणे हिताचे ठरेल.

पहिली अट, लुकलुकीची टक्केवारी पूर्ण उजेडावर आणि २० टक्के उजेडावर, अशी दोन्ही ठिकाणी मोजून द्यावी. पुष्कळ दिवे पूर्ण उजेडावर निर्दोष असतात व मंद केल्यावरच उघडे पडतात. दुसरी अट, ज्या डिमरवर दिवे चालवावयाचे आहेत त्याचा प्रकार, किमान व कमाल भार निविदेत लिहून त्यावरच नमुना चालवून दाखवावा. तिसरी अट, हमीमध्ये ड्रायव्हरचा स्वतंत्र उल्लेख असावा आणि सुटा ड्रायव्हर पुरविण्याची जबाबदारी पुरवठादाराने घ्यावी. चौथी अट, चाचणीचा अहवाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा असावा. युरोपीय संघाने आपल्या २०१९ सालच्या नियमावलीत दिव्यांच्या लुकलुकीवर मर्यादा घातली असून ती १ सप्टेंबर २०२१ पासून लागू केली आहे. म्हणजेच अशी मोजणी करणे व तिची पूर्तता करणे कारखानदारांना अशक्य नाही; ग्राहकाने ती मागितली पाहिजे.

याबरोबरच प्रत्येक ग्रामपंचायतीने व शाळेने दिव्यांची एक साधी नोंदवही ठेवावी. तीत दिवा कोणत्या ठिकाणी आहे, केव्हा बसविला, कोणत्या डिमरवर आहे, तक्रार कोणत्या वेळी झाली आणि वर दिलेल्या सात लक्षणांपैकी कोणते आढळले, एवढी माहिती असली तरी पुरे. वर्षभराच्या नोंदी एकत्र पाहिल्या म्हणजे दोष दिव्यांच्या विशिष्ट खेपेत आहे, एखाद्या डिमरवर आहे, की एका खांबापासून पुढच्या तारेत आहे, हे आपोआप स्पष्ट होते. पुढील खरेदीचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे ठेवताना ही नोंदवही सोबत असावी. किती दिवे खरोखर बदलावयाचे आणि किती ठिकाणी केवळ एक स्क्रू घट्ट करावयाचा आहे, हे तीवरूनच ठरविता येईल.